वावरातल्या कुर्त्यावर

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. कुर्त्यावर भरतकाम करायला घेतलं, पण चांगला कपडा बिघडेल या भीतीनं सुई थांबली, असं लिहिलंस. मग चांगला घेऊच नको. वावरात घालून जातेस तो, कोपरापाशी विरलेला, तोच घे.

लग्नाआधी मी एक टेबलक्लॉथ भरला होता. चार कोपऱ्यांत चार मोर. सासरी टेबलच नव्हतं. पंचवीस वर्षं तो पेटीत पडून राहिला आणि बाहेर काढला तर घडीवर फाटलेला. काचेच्या चौकटीतले 'सुस्वागतम्'वाले पोपटही मला कधी आवडले नाहीत. सासूबाईंनी भरलेले होते, म्हणून बोलले नाही एवढंच. यांच्या बंडीच्या खिशाला मात्र मी नुसती साखळी घातली होती. रोज त्या खिशात तंबाखूची पुडी जायची-यायची. बंडी विरली, साखळी तशीच होती.

कापड कोरं असेल, त्यातून खादी, तर आधी धुऊन वाळव. नाहीतर भरून झाल्यावर धुतलं की ते आटतं आणि टाक्यांभोवती चुण्या पडतात. लडीचा दोरा सहा पदरी असतो. हातभर तोडून एकेक पदर ओढून काढ, दोन एकदम ओढलेस की गुंता झालाच समज. मग दोन पदर जुळवून ओव. दोरा लांब घ्यायचा मोह होईल, पण कापडातून जाऊन जाऊन तो पिंजारतो. आम्ही टोचे मारलेल्या कागदावरून रॉकेलात कालवलेली नीळ फिरवून खाका उठवायचो. तू सरळ पेन्सिलीनं काढ, वाकडं आलं तर येऊ दे.

आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, फूल काढ. सगळे पांढरं बोंडच भरतात, फुलाकडे कुणी पाहत नाही. सकाळी उमलतं तेव्हा ते फिकं, दुधात हळदीचं बोट बुडवावं तसं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. एकाच झाडावर दोन्ही दिसतात, तेव्हा दोन लड्या लागतील. पाकळीला लांब-आखूड टाका.

सेवाग्रामला बापूकुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतूनच ताडाची झाडं उठवली आहेत. शाळेच्या सहलीत पाहिली असशील, पुन्हा जाऊन पाहा. भिंतीहून वेगळा रंग नाही, फक्त उठाव आणि सावली. ती पाहून आले आणि पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्यानं भरायला लागले. लांबून काहीच दिसत नाही, जवळ आलेल्यालाच कळतं. मला ते फार आवडतं.

मन लागत नाही म्हणतेस. लावायला जाऊच नको. कापड रिंगेत ताणून बस आणि साधा धावदोरा घाल. पहिली वीतभर घालेपर्यंत कापसाचा भाव, घरातली धुसफूस, सगळं डोक्यात येऊन जाईल. मग कधीतरी सुई ताणलेल्या कापडातून जाताना होणारा बारीक 'टप्' ऐकू येईल. दुपारी लाइन गेलेली असावी, पंखा बंद असावा, म्हणजे तो फारच स्पष्ट येतो. त्या आवाजात एकदा माझी अख्खी वांग्याची भाजी करपली.

ऑर्डरी इतक्यात घेऊ नको. पैसा वाईट नाही, पण तारीख डोक्यावर आली की टाके मोठे होतात. मी एकदा बारा झबली घेतली होती. शेवटच्या तीन झबल्यांच्या मागच्या गाठी इतक्या जाड झाल्या, की बाळांना टोचल्या असणार. आतून मऊ मलमल लावायची, तीही राहिली.

पोळ्याला येणार ना? बैलांच्या झुली काढून ठेवल्या आहेत. एकीचे आरसे गळलेत, काठही उसवलाय. आरसा बसवायचा टाका तुला अजून येत नाही, तेव्हा दोन दिवस आधीच ये. गुलाबी लडी येताना घेऊन ये, इथल्या दुकानात नुसती राणी कलर मिळते.

तुझ्या
शिवणाच्या बाई