टेस्ट पास झाली की नुसतीच स्किप झाली?

प्रश्न : ताई, मी एका छोट्या कंपनीत बॅकएंडला आहे, पायथन आणि पायटेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) वापरतो. आमच्या १४ टेस्ट पेमेंट गेटवेच्या सँडबॉक्सला (खरे पैसे न हलवता चाचणी करायच्या सर्व्हरला) खरा कॉल मारतात, त्याची की (गुप्त पासवर्ड) फक्त सीआयवर (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) आहे, म्हणून लॅपटॉपवर रन केलं की त्या सगळ्या लाल. मग स्किपइफ (अट जुळली तर टेस्ट वगळणारी पायटेस्टची खूण) लावलं, 'रन_पेमेंट नसेल तर स्किप' अशी अट टाकली आणि लॅपटॉपवर ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) फॉल्स ठेवलं, तरी टेस्ट धावतातच. काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुझी अट बरोबर आहे रे, फक्त एन्व्हायर्नमेंटमधून येणारी व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते, आणि पायथनला रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच वाटते, मग त्यात 'फॉल्स' लिहिलेलं असो नाहीतर '०'. म्हणून व्हॅल्यू स्मॉल लेटरमध्ये करून थेट 'ट्रू'शी तुलना कर, झालं.

आता हेही बघून घे, स्किपइफला दिलेली अट टेस्टची फाइल इम्पोर्ट होतानाच ठरते, त्यामुळे नंतर फिक्श्चरमध्ये (टेस्टच्या आधी तयारी करणाऱ्या फंक्शनमध्ये) व्हेरिएबल सेट केलंस तर काही उपयोग नाही, वेळ निघून गेलेली असते. त्यापेक्षा कॉन्फटेस्टमध्ये (सगळ्या टेस्टना सामायिक असलेल्या पायटेस्टच्या फाइलमध्ये) एक फिक्श्चर लिही आणि की आहे का ते तिथेच तपास.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. आमच्याकडे एकदा सीआयवरच्या कीचं नाव कुणीतरी बदललं, टेस्टमध्ये जुनंच राहिलं, आणि पेमेंटच्या सगळ्या टेस्ट गुपचूप स्किप व्हायला लागल्या. बिल्ड रोज हिरवी! सगळ्या टेस्ट स्किप झाल्या तरी पायटेस्ट एक्झिट कोड ० च देतं, म्हणजे सीआयच्या लेखी सगळं उत्तम. रिफंडचा बग थेट ग्राहकाने सांगितला तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण तो बग पकडणारी टेस्ट मीच लिहिली होती आणि ती कित्येक आठवडे धावलीच नव्हती.

म्हणून त्या फिक्श्चरमध्ये दोन वाटा ठेव : की नाही आणि लॅपटॉप आहे तर स्किप, की नाही आणि सीआय आहे तर फेल, सरळ लाल. तुमचं सीआय गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबच्या सीआय सेवेवर) असेल तर ते 'सीआय' हे व्हेरिएबल स्वतःच ट्रू करून देतं, तेच बघ. तिथे अजून एक मेख आहे, जे सीक्रेट (गिटहबमध्ये साठवलेली की) अस्तित्वातच नाही त्याची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग येते, म्हणजे व्हेरिएबल असतं पण आत काही नसतं, तेव्हा नुसतं 'नाव आहे का' विचारू नको, आत काही आहे का ते विचार. बाहेरच्या कुणी फोर्क करून (कोडची स्वतःची प्रत घेऊन) पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घ्यायची विनंती) टाकली तर तिला सीक्रेट मिळत नाहीत, तशी कामं येत असतील तर पेमेंटच्या टेस्टसाठी वेगळा जॉब कर आणि तो बदल मूळ कोडमध्ये मर्ज झाल्यावर चालव.

जावावाले विचारतील म्हणून सांगते, जेयुनिट ५ मध्ये यासाठी एनेबल्ड-इफ-एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल हे अ‍ॅनोटेशन आहे, पण व्हेरिएबल नसलं की तेही टेस्ट गुपचूप बंदच करतं.

स्किप करताना कारण लिहीत जा आणि सीआयवर पायटेस्टला '-आरएस' दे, मग कुठली टेस्ट का स्किप झाली ते रनच्या शेवटी छापून येतं. आजच शेवटचा लॉग उघडून बघ त्या १४ खरंच धावल्यात का, आणि मला कळव.