ढग आवडतात, पण हवामानशास्त्र झेपेल का?

पावसाळा लागला की हा प्रश्न घेऊन मुलं माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येतातच. पालकांची शंकाही ठरलेली: "अंदाज चुकला की लोक हसतात. त्यात करिअर कसलं?"

साताऱ्याच्या पूर्वेकडची, बीएस्सी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी (ओळख बदलली आहे) वडिलांबरोबर आली.

"मॅडम, गणितात 58च आहेत."

"गुण कुठे गेले?"

"डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये."

नेमके तिथेच! वाऱ्याची, दाबाची गणितं त्यातच मांडतात, एमएस्सीत सुटका नाही. हे तिला स्पष्ट सांगितलं. पण मी गुणपत्रिकेपेक्षा माणूस रोज काय करतो हे पाहते. म्हणून तिला जूनचे 30 दिवस दिले. सरळ उभ्या कडांची बरणी उघड्यावर ठेवायची, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचं. 2.5 मिमी किंवा जास्त भरलं तर पावसाचा दिवस. त्याच वेळी पुढच्या 24 तासांचा अंदाज लिहायचा, खाडाखोड नाही. शेजारच्या रकान्यात 'काल होता तसाच आज' हा बिनडोक अंदाज.

जुलैत वही आली. तिचे 17 बरोबर, बिनडोक अंदाजाचे 21.

वडील म्हणाले, "बघा, नाही जमत हिला."

"बाबा, थांबा ना. 13 चुकांपैकी 9 एकाच जातीच्या आहेत. पश्चिमेला काळं दिसलं की मी 'पडणार' लिहायचे. ते ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. घाटाच्या आपल्या बाजूला हवा खाली उतरते, तापते, ढग विरतो."

चुका जातवार लावायला मी सांगितलंच नव्हतं. मला हवं ते तिथे मिळालं. ढगांचं वेड पुष्कळांना असतं, स्वतःच्या चुकीचं कुतूहल फार थोड्यांना.

मग वडिलांशी व्यवहाराचं बोलले. बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका. पुढे हवामानशास्त्रात एमएस्सीसाठी पुणे विद्यापीठ, कोचीन किंवा विशाखापट्टणम. हवामान खात्यातल्या वैज्ञानिक साहाय्यकाला पदवी पुरते, पण भरती दरवर्षी निघत नाही. 2017नंतरची मोठी भरती थेट 2022ला, 990 जागांची. अशा भरतीवर विसंबून घरी बसू नये. शिवाय रात्रपाळी असते, निरीक्षणं दर तीन तासांनी घ्यावी लागतात.

"खासगीत काही?"

"तुमच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेत ना? वीज किती निघेल हे दिवसाचे 96 भाग करून, पंधरा-पंधरा मिनिटांचं आधी कळवावं लागतं. तो अंदाज कुणीतरी बांधतंच. त्यासाठी पायथन ही संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा यायला हवी."

मुलीने वहीत 'पायथन' लिहून घेतलं. वडिलांनी विचारलं, "ते किती महिन्यांत येतं?"