जीव अडकतो म्हणून साधना वाया जाते का?

"मी नेमाने जप करते, पहाटे उठते, दिंडीत चालते, तरी माझा जीव मुलातच अडकलेला आहे. मग हे सगळे वायाच जाते आहे का?" नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला थोड्याफार फरकाने अनेकांकडून ऐकायला मिळतो. ज्यांचे बालपण रामकुंडाच्या आणि त्र्यंबकेश्वराच्या सान्निध्यात गेले, त्यांना परमार्थाची ओळख कोणी वेगळी करून द्यावी लागत नाही. त्यामुळेच की काय, आपल्याला अजून काहीच सुटत नाही ही टोचणीही इथे अनेकांना लागून राहते. पुढे लिहिलेला अनुभव एका ताईंचा आहे. त्यांच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो मांडते आहे.

ताई साठीला आलेल्या, नाशिकरोडला राहणाऱ्या. यजमान निवृत्त, एकुलता एक मुलगा नोकरीसाठी पुण्यात. मोह तोडल्याशिवाय प्रगती नाही, असे त्यांनी प्रवचनात ऐकले आणि ते अक्षरशः अमलात आणले. मुलाचा फोन घेणे बंद केले, त्याला दरवर्षी जाणारा भाजणीचा डबा बंद केला, यजमानांना साखरेच्या गोळ्यांची आठवण करणे बंद केले. पुढे हातातल्या पाटल्या आणि राहत्या घरातला आपला हिस्सा दान करण्याचा विषय त्यांनी काढला, तेव्हा यजमान त्यांना घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, ही घरात असून नसल्यासारखी वागते. हिला काही झालंय का, एवढं बघा," असे ते म्हणाले.

अशा वेळी सर्वांत आधी नैराश्याची शक्यता तपासावी लागते, कारण नैराश्य आणि विरक्ती वरवर पाहता सारखी दिसू शकतात. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अशी लक्षणे असतील तर तो वैराग्याचा विषय राहत नाही; तिथे मनोविकारतज्ज्ञ गाठावा लागतो. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र उपलब्ध आहे. ताईंची झोप, भूक ठीक होती आणि पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरापर्यंत पायी गेल्याचे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना नैराश्य नव्हते.

मग काय होते, याचा अंदाज मला त्यांच्या अंगठ्यावरून आला. बोटात जप मोजण्याचा छोटा काउंटर होता आणि माझ्याशी बोलतानाही त्या तो दाबत होत्या. मध्येच पिशवीतला फोन थरथरला. अंगठा थांबला, नजर पिशवीकडे गेली, आणि क्षणभराने त्या आधीपेक्षा दुप्पट वेगाने बटण दाबू लागल्या. जे पाहिले ते मी त्यांना सांगितले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्याचाच असेल. उचलत नाही मी. उचलला तर परत सगळं सुरू होईल."

या वाक्यात विरक्ती नव्हती, धास्ती होती. इंद्रिये आवरून मनाने मात्र त्याच विषयांचे स्मरण करत बसणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सहाव्या श्लोकात मिथ्याचारी म्हटले आहे. तो शब्द कठोर आहे आणि मी तो ताईंना लावला नाही, कारण त्या कोणाला फसवत नव्हत्या; त्या स्वतःला वाचवत होत्या. न सोसणाऱ्या भावनेला सामोरे जाण्याऐवजी अध्यात्माच्या आडोशाला जाण्याची ही प्रवृत्ती जॉन वेलवूड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात नेमकेपणाने मांडली.

तो आडोसा कशासाठी होता, हे पुढच्या काही भेटींत उलगडले. ताईंची आई वारली तेव्हा रामकुंडावर दहाव्याच्या विधींच्या वेळी कोणीतरी त्यांना बजावले होते, "रडू नकोस, तिचा जीव अडकेल." त्या रडल्या नाहीत. आलेल्यांचे जेवणखाण, भावंडांची समजूत, सगळे त्यांनी निभावले. त्यानंतर मुलाला होणारे फोन वाढत गेले. जेवलास का, पोहोचलास का, लग्नाचे काय ठरवलेस. एकदा तो वैतागून म्हणाला, "आई, सारखा फोन करू नकोस." ते शब्द त्यांच्या जिव्हारी लागले. प्रवचनातले वाक्य त्याच सुमारास कानावर पडले, आणि ज्या दुःखाला वाट नव्हती त्याला एक प्रतिष्ठित नाव मिळाले. आईविषयी बोलताना त्या माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या. ते रडणे मी थांबवले नाही.

मात्र त्यांचा युक्तिवादही जोरकस होता. "समर्थ बोहल्यावरून निघाले आणि आपल्या टाकळीला बारा वर्षे तप केलं. त्यांनी कुठे घरच्यांना विचारलं?" गोमय मारुतीच्या दर्शनाला नेमाने जाणाऱ्या बाईंचा हा प्रश्न मला टाळायचा नव्हता. मी एवढेच म्हटले की, समर्थांनी प्रपंच स्वीकारण्याआधीच सोडला होता, आणि तरीही पुढे ते जांबेला आईच्या भेटीला गेल्याचे चरित्रकार सांगतात. शिवाय दासबोधाच्या बाराव्या दशकाचा आरंभ त्यांनी 'आधी प्रपंच करावा नेटका' असाच केला आहे. घराच्या हिश्श्याबाबत मात्र मी तुकोबांची आठवण दिली. वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते इंद्रायणीत सोडताना त्यांनी धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा बुडवला, अशी परंपरा आहे. ताईंच्या घरात यजमानांचे म्हातारपण होते. ते दान करण्याचा अधिकार एकट्या ताईंचा नव्हता.

माझे मत असे आहे की परमार्थात प्रेम सोडायचे नसते. समोरच्याने माझ्या मनासारखे वागले तरच मी स्वस्थ राहीन, ही अट सोडायची असते. ताई दिवसातून चार वेळा फोन करत होत्या तेव्हा आणि एकदाही उचलत नव्हत्या तेव्हा, दोन्ही वेळी ती अट शाबूतच होती, फक्त तिची दिशा बदलली होती. अट सैल होणे हे फार सावकाश चालणारे काम आहे आणि ते माणसांपासून दूर जाऊन होत नाही, त्यांच्यासोबत राहूनच करावे लागते.

म्हणून आम्ही अगदी लहान गोष्टी ठरवल्या. रविवारी एकदा मुलाला फोन करायचा. करण्याआधी वहीत लिहायचे: मला या फोनमधून काय हवे आहे? पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहिले, 'त्याने लग्नाला हो म्हणावे.' काही आठवड्यांनी वहीत आले, 'त्याचा आवाज ऐकायचा आहे.' त्या दिवशी फोनवर लग्नाचा विषय निघाला नाही आणि मुलगा आपणहून ऑफिसच्या गोष्टी सांगत राहिला. यजमानांच्या गोळ्यांबाबत त्या आता सकाळी एकदा आठवण करतात. घेतल्या की नाही, याचा पहारा ठेवत नाहीत. जपही बदलला. मन मुलाकडे गेले की पूर्वी त्या स्वतःला दूषणे देत, आता मन गेले हे ओळखून पुन्हा नामावर येतात. काउंटर घरी ठेवायला मी सुचवले नव्हते, तो त्या अजूनही वापरतात आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

पाटल्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. यजमानांशी बोलून त्यातील एक त्यांनी त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील दिंड्यांच्या अन्नदानासाठी मोडली, दुसरी ठेवली. घराचा विषय मिटला. मुलाने लग्न न करण्याचे ठरवले आहे, हे मात्र त्यांना अजून पेलत नाही. एखाद्या रात्री त्या विचाराने झोप उडते, आणि सध्या आमच्या भेटींत आम्ही त्याच गोष्टीवर बोलतो आहोत.