कोडासाठी यूव्ही घ्यावं की गच्चीतलं ऊन पुरेल?

ताई, लेकीच्या गुडघ्यांवर आणि बोटांच्या टोकांवर कोड आहे, डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा नॅरोबँड यूव्हीबी (मशीनमधल्या ठरावीक अतिनील किरणांचा शेक) सांगितलंय आणि सासूबाई म्हणतात गच्चीतलं ऊन पुरेल, असं तुम्ही लिहिलंय. मी कोडासाठीच १४ महिने यूव्ही घेतलंय, म्हणून सांगते.

सासूबाई अगदीच चुकत नाहीत. बावचीचं बी आणि ऊन हा आपल्याकडचा जुना उपाय. त्या बियांत सोरालेन असतं, म्हणजे कातडीला उजेडाचा परिणाम जास्त जाणवायला लावणारं द्रव्य, आणि 'पुवा' उपचारात (औषध देऊन मग यूव्हीए किरण) त्याच गटातली औषधं देतात. पण उन्हाला माप नसतं. बावचीचं तेल चोपडून गच्चीत बसलेल्या माझ्या मावसभावाच्या पोटरीवर पुरीएवढे फोड टरारले होते. मशीनच्या ट्यूब ३११ नॅनोमीटरच्या आसपासचेच किरण सोडतात, आणि डोस मोजून, थोडा थोडा वाढवत नेतात. सुरुवातीला तर डोळ्यांवर गॉगल लावून पेटीत जेमतेम मिनिटभर उभं राहायचं. त्या मिनिटासाठी डोंबिवलीहून परळ! डॉक्टर कितीही नावाजलेले असोत, सेंटर घराजवळचं बघा. आठवड्यातून दोनदा शाळा सांभाळून जायचंय.

रंग एकदम भरत नाही. तिसऱ्या महिन्यात माझ्या गुडघ्यावर तिळाएवढे तपकिरी ठिपके उठले, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस. रंग देणाऱ्या पेशी केसांच्या मुळांतून वर येतात. ठिपके पसरत एकमेकांना मिळाले की डाग भरतो. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, त्यामुळे तिथे रंग फार हट्टी. माझी नखांजवळची कातडी अजून पांढरीच आहे. तेव्हा बोटं बघून उपचार सोडू नका, गुडघे बघा.

एक चूक माझी सांगते. जुलैत रुळांवर पाणी, मग ताप, असे तीन आठवडे बुडाले. परत गेले तर टेक्निशियनने जुनाच डोस लावला आणि मीही गप्प राहिले. रात्री पाठीला चादर सहन होईना. इतका खाडा झाला की डोस खाली आणावा लागतो. वहीत तारखा लिहा आणि आत जाण्याआधी दाखवा. मध्येच कुठलं नवं औषध सुरू झालं तर तेही सांगा. डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळ्यांनी कातडी लवकर भाजते.

सहा महिने तरी धरून चाला. महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी गुडघ्यांचा फोटो काढा. रोज बघणाऱ्या आईला ते ठिपके दिसत नाहीत.