लाडकी बहीण बंद केली तर तूट भरून निघेल?

प्रश्न : राज्याच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली होती. माझा मुलगा म्हणतो, 'लाडकी बहीण' बंद करा, सगळं मार्गी लागेल. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलीची शिकवणी त्याच पंधराशेवर चालते. सरकारने नेमकं काय करावं?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : ताई, आधी आकडे समोर ठेवू. त्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. 'लाडकी बहीण'साठी तरतूद ३६,००० कोटींची. म्हणजे योजना पार गुंडाळली तरी जवळपास दहा हजार कोटींचा खड्डा उरतोच. चिरंजीवांना एवढी वजाबाकी जरूर दाखवा.

माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. हात आखडता घ्यायची वेळ आली की पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना कोणी धक्का लावत नाही, लावताही येत नाही. कात्री लागते ती शाळाखोल्यांना, पुलांना, पाणीयोजनांना. पुस्तकात तरतूद छापलेली असते, पण 'बीम्स'वर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणकप्रणालीवर, निधी सोडलेलाच नसतो. काम झालेलं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, सही-शिक्के झालेले आणि देयक मात्र पडून. ३१ मार्चच्या रात्री अशा देयकांचे गठ्ठे घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. या वाटेने तूट कमी करणं मला अजिबात मान्य नाही.

जमेच्या बाजूला राज्याच्या हाती फार थोडं उरलंय. २०१७ला जीएसटी आला. त्याचे दर राज्य एकट्याने बदलू शकत नाही. राहिले मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, वाहन कर आणि दारूवरचं उत्पादन शुल्क. त्यातलं दारूवरचं २०२५मध्ये चांगलंच वाढवलं, ते योग्यच झालं.

पण हातचं सोडून देणं थांबायला हवं. तुमच्या शेजारचा आनंदनगर टोलनाका घ्या. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर मोटारींना टोलमाफी मिळाली. मोटारीला ४५ रुपये पडायचे. माफीची भरपाई सरकारच्या माथी आली, म्हणजे पोळ्या करणाऱ्या ताईंच्याही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना ते पैसे जड नव्हते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा योजना ठेवावी, पण अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट काटेकोर तपासावी. सरकारी नोकरीतल्या महिलांनीही लाभ घेतल्याचं सरकारनेच मान्य केलंय. ती रक्कम वसूल व्हावी. आणि अर्थसंकल्पानंतर प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे जादा खर्चाच्या मागण्या, येतात, त्यांवर लक्ष ठेवा. मार्चमध्ये छापलेली तूट तिथेच फुगते.