‘प्रभू माझं ऐकत नाही’

“ताई, माझा विश्वास मेलाय का?” गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. चौघंही नेमाने उपासनेला जाणारी. प्रार्थनेला बसलं की समोर कुणी नाहीच असं वाटतं, हे त्यांनी घरातसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं. त्यांना मी जे सांगितलं ते मला एका नर्सबाईंकडून मिळालंय. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत बदलून, त्यांची हकिकत लिहिते.

बाई नगरकडच्या. सारी नोकरी दवाखान्याच्या वॉर्डात गेली, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. एकुलता मुलगा सव्विसाव्या वर्षी गेला. तीन आठवडे आयसीयूत होता. चर्चच्या मंडळीने आळीपाळीने साखळी प्रार्थना केली, बाईंनी उपास धरले. दफनानंतर लोक भेटायला आले आणि बोलून गेले: प्रभूची इच्छा, प्रभू आपल्या माणसांची परीक्षा पाहतो. एकीने तर हळूच विचारलं, “कबूल न केलेलं काही पाप राहिलंय का, सिस्टर?” त्यानंतर चौदा महिने त्या रोज हात जोडून बसायच्या आणि तशाच उठायच्या.

सुरुवातीच्या भेटींत मी फार बोलले नाही. झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, एवढं मात्र स्पष्ट विचारलं. झोप पार उडाली होती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, असं मानणाऱ्यांना मी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची आठवण देते. तो झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं आणि उठवून परत खायला घातलं.

सातव्या भेटीत मी त्यांना त्यांच्याच कामातला एक प्रश्न विचारला.

“सिस्टर, नाइट ड्यूटीला तुम्हाला जास्त धास्ती कुणाची वाटायची? सारख्या हाका मारणाऱ्या पेशंटची, की गप्प पडलेल्याची?”

“गप्प पडलेल्याची,” त्या लगेच म्हणाल्या. “ओरडणाऱ्याच्यात जीव असतो. कुणीतरी येईल असं त्याला वाटत असतं, म्हणून तर ओरडतो.”

“मग तुम्ही चौदा महिने गप्प का?”

“देवाशी असं बोलतात का, ताई?”

“कसं?”

त्या कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग खिडकीकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणाल्या, “तीस वर्षं कुणी हाक मारली की मी धावले. हातातला चहा टाकून धावले. माझं पोर तुला हाक मारत होतं, तेव्हा तू कुठे होतास?”

तो ‘तू’ माझ्यासाठी नव्हता. मी पाणी पुढे केलं नाही, रुमालही नाही. अशा वेळी हात आवरायला मी फार उशिरा शिकले, पण शिकले याचं समाधान आहे. रडणं ओसरल्यावर त्याच घाबरल्या. “हे काय बोलून बसले मी!”

“चौदा महिन्यांतली पहिली प्रार्थना केलीत,” मी म्हटलं.

आपल्या मंडळ्यांत प्रभूने काय केलं याची साक्ष द्यायला उठतो तो बरा झालेला, नोकरी मिळालेला. न मिळालेल्यानं उठून काय म्हणायचं? पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्याच्यासाठी भरपूर जागा आहे. त्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओळ नाही. तरी ते शेवटपर्यंत देवालाच उद्देशून आहे. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते जवळ बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडून ते देवाची बाजू मांडू लागले आणि चुकले. शेवटी देव त्यांनाच म्हणाला की माझ्याविषयी ईयोब योग्य बोलला, तुम्ही नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं, आणि या काळात त्यांचं काम चालूच होतं. जाणवणं आणि असणं यांत फरक आहे असं मी मानते. पण दुःखी माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगू नये. आधी त्याची तक्रार पुरी होऊ द्यावी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात. चौथा उद्गार आपण डोळे मिटून ऐकतो: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” तेही बाविसाव्या स्तोत्राचे शब्द. तेच शब्द शेजारच्या बाकावरच्या बाईच्या तोंडून आले की आपण तिला दटावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रातले उसने घ्या. तेही जमत नसेल तर मंडळीत नुसते जाऊन बसा, प्रार्थना इतरांना करू द्या. आणि अशा घरी भेटायला जाणार असाल तर डबा न्या, गेलेल्याचं नाव घ्या, कारणं देऊ नका.

सिस्टर अजूनही अधूनमधून येतात. देवाकडून उत्तर आलं असं त्या म्हणत नाहीत. रात्री अडीचला जाग येते, तेव्हा त्याच्याशी भांडतात. मुलाच्या दुसऱ्या स्मरणदिनाला पाळकसाहेबांनी विचारलं, “तेविसावं स्तोत्र वाचू ना, ते दिलासा देणारं?” त्या म्हणाल्या, “नको, अठ्ठ्याऐंशीवं वाचा. आणि शेवटपर्यंत वाचा.”

पाळकसाहेबांनी कबरीशी उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलं.