वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात तडकलेली गिटार

प्रश्न : घरच्या कार्यशाळेत पावसाळ्यात जोडलेल्या माझ्या गिटारची स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाची तबली (तारांखालची पातळ फळी) मे महिन्यात तडकली. लाकूड निकृष्ट असेल का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : दोष लाकडापेक्षा जोडणीच्या हंगामाचा असावा. कोरड्या हवेत तबली लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने आकसते, परंतु तिला आतून आडव्या चिकटवलेल्या आधारपट्ट्या लांबीत जवळजवळ आकसत नाहीत. त्यामुळे दमट दिवसांत जोडलेली, जेमतेम २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची तबली खानदेशातील उन्हाळ्यात ताण न सोसून रेषेवर फाटते. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असतानाच पट्ट्या चिकटवाव्यात आणि लाकूड त्याआधी काही आठवडे त्याच हवेत मुरू द्यावे. उत्तम रंध्याआधी आर्द्रतामापक घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. सध्याची तबली टाकून देऊ नका. वाद्य दमट हवेत ठेवून फट मिटल्यावर सरस भरावा आणि आतून लाकडाचे छोटे तुकडे चिकटवावेत.